एका मताने पडलेलं सरकार: आघाडी जुळते कशी आणि मोडते कशी

शनिवार, १७ एप्रिल १९९९. लोकसभेत मतविभागणीची घंटा सुरू झाली. ही घंटा साडेतीन मिनिटं सगळ्या संसद भवनात ऐकू येते. खासदार ग्रंथालयात असो की उपाहारगृहात, त्याने तेवढ्या वेळात सभागृह गाठायचं. घंटा थांबली की लॉबीची दारं बंद होतात आणि मग प्रत्येकाने आपल्या बाकावरचं बटण दाबायचं. हिरवं म्हणजे ठरावाच्या बाजूने, लाल म्हणजे विरोधात, पिवळं म्हणजे तटस्थ. त्या दिवशी ठराव होता अटलबिहारी वाजपेयी यांच्या मंत्रिमंडळावर विश्वास व्यक्त करण्याचा. बाजूने २६९ मतं पडली, विरोधात २७०. तेरा महिन्यांचं सरकार गेलं.

‘एका मताने सरकार पडलं’ हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलंय की सगळी चर्चा ‘ते एक मत कुणाचं’ इथेच अडकते. त्या मताकडे मी येणार आहेच. पण मला वाटतं, त्याआधी एक कागद पाहायला हवा. आघाडी सरकार पडतं तेव्हा आपण मतदानाचा दिवस लक्षात ठेवतो. ते कसं पडणार, हे मात्र बहुतेक वेळा पाठिंब्याच्या पत्रातच दिसत असतं. कुणी पाठिंबा दिला, आत येऊन दिला की बाहेर उभं राहून, आणि बदल्यात काय हवं होतं, एवढं कळलं की पुढचं बरंचसं कळतं.

सुरुवात आकड्यापासून करू. लोकसभेत ५४३ निवडून आलेले सदस्य, म्हणून बहुमत २७२. पण राज्यघटनेत २७२ हा आकडा कुठेही लिहिलेला नाही. अनुच्छेद ७५ म्हणतो की पंतप्रधानांची नेमणूक राष्ट्रपती करतील, बाकीचे मंत्री पंतप्रधानांच्या सल्ल्याने नेमले जातील आणि मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असेल. या ‘सामूहिकरीत्या जबाबदार’ शब्दांतून बाकी सगळं येतं. लोकसभेचा विश्वास गेला की एखादा मंत्री जात नाही, अख्खं मंत्रिमंडळ जातं. शिवाय विश्वासाच्या ठरावाला लागतं ते हजर राहून मत देणाऱ्यांचं बहुमत. त्यामुळे कोण गैरहजर राहतो, कोण पिवळं बटण दाबतो, यालाही मताइतकीच किंमत येते. २६९ आणि २७० ची बेरीज करून पाहा, ५३९ भरते.

निकाल त्रिशंकू लागला तर राष्ट्रपतींनी कुणाला बोलवायचं, याचा नियम घटनेने दिलेला नाही. १९९६ मध्ये राष्ट्रपती शंकरदयाळ शर्मा यांनी सर्वांत मोठ्या पक्षाला बोलावलं. भाजपकडे १६१ जागा होत्या. बहुमत जमणार नाही हे दिसल्यावर वाजपेयींनी मतदान होण्याआधीच राजीनामा दिला. ते सरकार तेरा दिवसांचं. हा अनुभव ताजा असताना १९९८ मध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी वेगळी वाट धरली: तोंडी दावा नको, मित्रपक्षांची पत्रं आणा. मला ही पद्धत जास्त प्रामाणिक वाटते. लोकांसमोर शपथ घेण्याआधी पाठीशी कोण उभं आहे ते कागदावर यायलाच हवं.

आता ती पत्रं. १९९८ च्या निवडणुकीत भाजपला १८२ जागा मिळाल्या. समता पक्ष, बिजू जनता दल, अकाली दल, तृणमूल काँग्रेस, शिवसेना असे मित्रपक्ष सोबत होते आणि त्यांत सर्वांत मोठा होता जयललिता यांचा अण्णा द्रमुक, १८ खासदारांचा. बाकीच्यांची पत्रं आली. चेन्नईचं पत्र काही येईना. दिल्लीत सगळे वाट पाहत राहिले, बोलणी झाली, मग पत्र आलं आणि १९ मार्चला शपथविधी झाला. म्हणजे सरकार स्थापन होण्याच्या आधीच सगळ्यांना कळून चुकलं होतं की हे १८ जण हलले तर काय होईल. २८ मार्चला विश्वासदर्शक ठराव २७४ विरुद्ध २६१ असा मंजूर झाला. फरक १३ मतांचा. हे अठरा बाजूला झाले की तेराचा फरक पुसून वर पाच मतं कमी पडतात, एवढा साधा हिशेब होता.

ही २७४ मतं जमली तीसुद्धा एका अनपेक्षित बाजूने. चंद्राबाबू नायडू यांचा तेलुगू देसम हा विरोधी संयुक्त आघाडीचा घटक होता, आणि नायडू तिचे निमंत्रक. त्यांच्या १२ खासदारांनी बाजू बदलून सरकारला मतं दिली, पण त्यांचा पक्ष मंत्रिमंडळात गेला नाही. त्याऐवजी त्यांचे जी. एम. सी. बालयोगी लोकसभेचे अध्यक्ष झाले. वरवर पाहता मंत्रिपदाच्या तुलनेत हे पद कोरडं वाटेल, खातं नाही की निधी नाही. पण पक्षांतराच्या तक्रारींचा निकाल अध्यक्ष देतात, कोणता प्रस्ताव कधी घ्यायचा ते ठरवतात आणि मतं समसमान पडली तर निर्णायक मत त्यांचं असतं. डळमळत्या सभागृहात ती खुर्ची कुठल्याही खात्यापेक्षा वजनदार. म्हणूनच आघाड्यांच्या काळात ती अनेकदा मित्रपक्षाकडे गेलेली दिसते. २००२ मध्ये बालयोगी हेलिकॉप्टर अपघातात गेले, त्यानंतर शिवसेनेचे मनोहर जोशी अध्यक्ष झाले. २००४ मध्ये मार्क्सवादी पक्षाचे सोमनाथ चटर्जी.

इथे ‘बाहेरून पाठिंबा’ या शब्दांवर जरा थांबायला हवं, कारण आपल्या देशातली बहुतेक अल्पायुषी सरकारं याच दोन शब्दांवर उभी होती. आतून पाठिंबा म्हणजे तुमचे मंत्री सरकारात आहेत, निर्णयात तुम्ही भागीदार आहात, अपयशाचा वाटाही तुमचा. बाहेरून पाठिंबा म्हणजे मतदानाच्या वेळी सरकारच्या बाजूने हात वर, पण निर्णयाची जबाबदारी नाही. सरकारने चांगलं केलं तर श्रेय मागता येतं, चुकलं तर ‘आमचा काय संबंध’ म्हणता येतं, आणि निवडणूक सोयीची वाटू लागली की टेकू काढून घेता येतो.

चरणसिंग २८ जुलै १९७९ रोजी पंतप्रधान झाले ते इंदिरा गांधींच्या काँग्रेसच्या बाहेरच्या पाठिंब्यावर. तो पाठिंबा गेला आणि २० ऑगस्टला त्यांनी राजीनामा दिला. लोकसभेला एकदाही सामोरं न गेलेले ते एकमेव पंतप्रधान. डिसेंबर १९८९ मध्ये आलेल्या विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारला बाहेरून एका बाजूने भाजपचा टेकू होता, दुसऱ्या बाजूने डाव्यांचा. अडवाणींची रथयात्रा बिहारमध्ये अडवली गेली, त्यांना अटक झाली, भाजपने हात काढला आणि अकरा महिन्यांत खेळ संपला. मग चंद्रशेखर आले. साठेक खासदारांचा पंतप्रधान, पाठीशी राजीव गांधींची काँग्रेस. हरियाणा पोलिसांचे दोन शिपाई राजीव गांधींच्या घरावर पाळत ठेवतात, असा आरोप काँग्रेसने केला आणि ६ मार्च १९९१ रोजी चंद्रशेखर यांनी राजीनामा दिला. देवेगौडा दहा महिने टिकले, गुजराल सात. दोघांनाही काँग्रेसनेच बाहेरून उभं केलं आणि काँग्रेसनेच खाली बसवलं.

याची किंमत कुणी मोजली, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. चंद्रशेखर यांच्या सरकारला १९९१ चा पूर्ण अर्थसंकल्प मांडताच आला नाही, लेखानुदानावर, म्हणजे खर्चाच्या तात्पुरत्या मंजुरीवर, भागवावं लागलं. त्याच महिन्यांत देशाची परकीय चलनाची गंगाजळी तळाला लागली होती आणि सोनं बाहेर पाठवून पैसा उभा करायची वेळ आली. गंगाजळी आटण्याची कारणं जुनी आणि अनेक होती, ती काही दोन शिपायांमुळे आटली नाही. पण घर जळत असताना घरात निर्णय घेणारं कुणी नसणं, हे त्या पाठिंब्याच्या पद्धतीचंच फळ होतं.

मात्र बाहेरून पाठिंबा म्हणजे सरकार लवकर पडणारच, असंही नाही. २००४ मध्ये मनमोहन सिंग यांच्या सरकारला जवळपास साठ डाव्या खासदारांनी बाहेरूनच पाठिंबा दिला आणि तो चार वर्षं टिकला. फरक होता लेखी कराराचा. काय करायचं आणि काय करायचं नाही, हे ‘समान किमान कार्यक्रम’ म्हणून आधीच लिहून काढलं होतं आणि मतभेद झाले तर बसून बोलायला समन्वय समिती होती. जुलै २००८ मध्ये अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावर जमलं नाही तेव्हा डावे बाहेर पडले. पण तोवर समाजवादी पक्ष सोबत आला होता आणि २२ जुलैला सरकारने २७५ विरुद्ध २५६ असा विश्वास मिळवला.

पत्रं जमली की येतं खातेवाटप. कायद्याने मंत्री निवडण्याचा अधिकार पंतप्रधानांचा. आघाडीत मात्र मित्रपक्षाच्या वाट्याला किती मंत्रिपदं आणि कोणती खाती, एवढीच बोलणी पंतप्रधानांशी होतात. माणूस कोण, हे त्या पक्षाचा प्रमुख ठरवतो. गृह, अर्थ आणि परराष्ट्र सहसा मोठा पक्ष स्वतःकडे ठेवतो, कारण सुरक्षेच्या मंत्रिमंडळ समितीत हीच खाती बसतात. संरक्षणही त्यातलंच, पण १९९८ मध्ये ते समता पक्षाच्या जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडे गेलं. बारा खासदारांच्या पक्षाला इतकं मोठं खातं, यावरून त्या वेळी मित्रांची गरज किती होती ते कळतं. रेल्वेही मित्रपक्षांकडे वारंवार गेली आहे. नवी गाडी, नवं स्थानक, नोकऱ्या हे सगळं मतदारसंघात डोळ्यांना दिसतं.

दर्जाचा प्रश्नही छोटा नसतो. कॅबिनेट मंत्री, स्वतंत्र प्रभाराचा राज्यमंत्री आणि नुसता राज्यमंत्री अशी उतरंड आहे. कॅबिनेटच्या बैठकीत हक्काने बसतो तो पहिलाच. जून २०२४ मध्ये अजित पवारांच्या पक्षाला स्वतंत्र प्रभाराचं राज्यमंत्रिपद देऊ केलं गेलं, तेव्हा आधी कॅबिनेट मंत्री राहिलेल्या प्रफुल्ल पटेल यांच्यासाठी ते एक पायरी खाली उतरणं ठरेल म्हणून त्यांनी नाकारलं. शिवाय आता जागाही मोजक्या आहेत. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीपासून मंत्र्यांची संख्या लोकसभेच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. म्हणजे पंतप्रधान धरून साधारण ८१. पूर्वी नाराजाला एक खुर्ची वाढवून देता यायची, ती सोय गेली. ही दुरुस्ती चांगली झाली, असं माझं स्पष्ट मत आहे.

मंत्र्याचा मालक कोण, हा आघाडीतला सगळ्यांत नाजूक प्रश्न. मार्च २०१२ मध्ये रेल्वेमंत्री दिनेश त्रिवेदी यांनी अर्थसंकल्पात प्रवासभाडं वाढवलं. ते तृणमूल काँग्रेसचे. ममता बॅनर्जींना वाढ मान्य नव्हती, त्यांनी त्रिवेदींनाच हटवायला सांगितलं. अर्थसंकल्प मांडून चार दिवस होतात न होतात तोच त्यांना राजीनामा द्यावा लागला, त्यांच्या जागी मुकुल रॉय आले आणि बहुतेक वाढ मागे घेतली गेली. केंद्राचा मंत्री, संसदेत मांडलेला अर्थसंकल्प, आणि निर्णय कोलकात्यात. सामूहिक जबाबदारीचं तत्त्व इथे फार ताणलं जातं आणि त्याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आता परत १९९९ कडे. जयललितांच्या मागण्या वर्षभर चालूच होत्या. तमिळनाडूतलं करुणानिधींचं द्रमुक सरकार बरखास्त करा, ही त्यांतली मोठी. सरकार ते करायला तयार नव्हतं. १९९८ च्या डिसेंबरअखेर नौदलप्रमुख ॲडमिरल विष्णू भागवत यांना पदावरून दूर केलं गेलं होतं. त्यांना परत घ्या आणि जॉर्ज फर्नांडिस यांना संरक्षण खात्यातून हलवा, या मागण्या त्यात येऊन मिळाल्या. मार्चच्या शेवटी सुब्रह्मण्यम स्वामी यांनी दिल्लीत चहापान ठेवलं, तिथे जयललिता आणि सोनिया गांधी एकत्र दिसल्या. त्या चहाच्या कपांत काय शिजतंय, हे कुणाला सांगावं लागलं नाही. अण्णा द्रमुकचे मंत्री बाहेर पडले आणि १४ एप्रिलला पाठिंबा काढल्याचं पत्र राष्ट्रपतींच्या हाती गेलं. नारायणन यांनी वाजपेयींना सभागृहाचा विश्वास मिळवायला सांगितलं.

अठरा गेल्यावरही सरकार एका मताजवळ कसं पोचलं? ज्या द्रमुकचं सरकार बरखास्त करायला नकार दिला होता, तोच द्रमुक वाजपेयींच्या बाजूने उभा राहिला. मायावतींच्या बहुजन समाज पक्षाचे पाच खासदार तटस्थ राहतील, अशी सत्ताधाऱ्यांची समजूत होती. त्यांनी विरोधात मत दिलं. काश्मीरच्या नॅशनल कॉन्फरन्सचा पक्षादेश (व्हिप) सरकारच्या बाजूने होता, पण त्यांचे खासदार सैफुद्दीन सोझ यांनी तो मोडून विरोधात मत दिलं. इथे एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. पक्षादेश मोडला तरी मत बाद होत नाही, ते मोजलं जातंच. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने खासदारकी जाऊ शकते, पण ती नंतर, अध्यक्षांपुढे सुनावणी होऊन. सरकार तोवर पडलेलं असतं.

आणि तिसरे गिरिधर गमांग. हे ओडिशाच्या कोरापुटचे काँग्रेस खासदार. फेब्रुवारीतच ते ओडिशाचे मुख्यमंत्री झाले होते. विधानसभेचे सदस्य नसतानाही सहा महिने मुख्यमंत्री राहता येतं आणि त्यांनी खासदारकीचा राजीनामा दिलेला नव्हता. म्हणजे कागदोपत्री ते खासदार होतेच. मुख्यमंत्र्याने केंद्र सरकारच्या भवितव्यावर मत द्यावं का? सत्ताधारी बाकांवरून हरकत आली. बालयोगींनी त्यांना रोखलं नाही, निर्णय त्यांच्या सद्सद्विवेकबुद्धीवर सोडला. गमांग यांनी विरोधात मत दिलं. ते आले नसते तर २६९–२६९ झालं असतं आणि निर्णायक मत अध्यक्षांकडे गेलं असतं. बालयोगींचा पक्ष सरकारच्या बाजूने होता. म्हणून लोक त्या एका मताकडे बोट दाखवतात. पण तो हिशेब सोझ यांच्या मतानेही बदलला असता आणि बसपच्या पाचांनीही. खरं तर तो बदलला होता जयललितांच्या अठरांनी, आणि ते तेरा महिने आधीपासून माहीत होतं.

आता पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे आणि त्याच्याकडे आपलं लक्ष कमी जातं. सरकार पाडणाऱ्या २७० जणांना मिळून दुसरं सरकार बनवता आलं का? नाही. सोनिया गांधींनी राष्ट्रपती भवनाबाहेर २७२ खासदार पाठीशी असल्याचं सांगितलं, पण मुलायमसिंग यादव काँग्रेसच्या नेतृत्वाखालच्या सरकारला पाठिंबा द्यायला तयार झाले नाहीत आणि तो आकडा भरलाच नाही. २६ एप्रिलला लोकसभा विसर्जित झाली. जर्मनीत असं करता येत नाही. तिथे चॅन्सलरला हटवायचं तर त्याच ठरावात नव्याची निवड करावी लागते. १९८२ मध्ये हेल्मुट श्मिट जाऊन हेल्मुट कोल आले ते असे. आपल्याकडे पाडायला एकत्र येणं पुरतं, चालवायला एकत्र यावं लागत नाही. १९९६, १९९८ आणि १९९९ अशा साडेतीन वर्षांत तीन लोकसभा निवडणुका देशाने केल्या त्या यामुळेच. आपल्याकडेही जर्मनीसारखी तरतूद असावी असं मला वाटतं.

लोकसभा नसली तरी मंत्रिमंडळ रिकामं होत नाही. राष्ट्रपती त्याच सरकारला पुढची व्यवस्था होईपर्यंत काम पाहायला सांगतात. यालाच आपण काळजीवाहू सरकार म्हणतो. मोठे धोरणात्मक निर्णय त्याने टाळावेत, असा संकेत आहे. पण संकट काही संकेत पाळून येत नाही. मे १९९९ मध्ये कारगिलच्या डोंगरांवर घुसखोर सापडले आणि ते युद्ध विश्वासाचा ठराव हरलेल्या काळजीवाहू सरकारने लढवलं.

सरकारं पडतात ती बहुतेक बटणं दाबण्याच्या आधीच. केंद्रात विश्वासदर्शक ठरावावर प्रत्यक्ष मतदानात हरलेली सरकारं तीन: १९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंग, १९९७ मध्ये देवेगौडा, १९९९ मध्ये वाजपेयी. विरोधकांनी आणलेल्या अविश्वास ठरावावर मतदान होऊन केंद्रातलं एकही सरकार आजवर पडलेलं नाही. सर्वांत जवळ पोचला तो जुलै १९७९ चा ठराव आणि तो मांडला होता यशवंतराव चव्हाणांनी, मोरारजी देसाईंच्या जनता सरकारविरुद्ध. जनता पक्ष नावाला एक पक्ष होता, पण आतून ती जनसंघ, भारतीय लोकदल, संघटना काँग्रेस आणि समाजवादी यांची आघाडीच. जनसंघाच्या मंडळींनी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचं सदस्यत्व सोडावं का, हा दुहेरी सदस्यत्वाचा वाद मधू लिमये यांनी लावून धरला. जॉर्ज फर्नांडिस यांनी लोकसभेत सरकारची जोरदार बाजू मांडली आणि लगोलग तेच सरकारबाहेर पडले. खासदार एकामागून एक निघून जाताना पाहून मोरारजींनी १५ जुलैला, मतदानाआधीच, राजीनामा दिला. चव्हाण मग चरणसिंगांच्या त्या औट घटकेच्या सरकारात उपपंतप्रधान झाले.

१९९९ च्या शरदातली निवडणूक झाली आणि भाजपच्या जागा आल्या पुन्हा नेमक्या १८२. पंतप्रधान तेच, पक्षाचं बळ तेवढंच. पण या वेळी पत्रं वेगळी होती. मित्रपक्षांची बेरीज तीनशेच्या आसपास गेली होती आणि द्रमुक आत येऊन मंत्रिमंडळात बसला होता. राममंदिर, अनुच्छेद ३७० आणि समान नागरी कायदा हे भाजपचे स्वतःचे विषय याही वेळी बाजूला ठेवले गेले होते. मार्च २००१ मध्ये ममता बॅनर्जी मंत्रिमंडळ सोडून गेल्या, सरकार हललं नाही. ती तेरावी लोकसभा फेब्रुवारी २००४ मध्ये मुदतीआधी विसर्जित झाली, पण कुणी पाठिंबा काढला म्हणून नव्हे. निवडणूक लवकर घ्यायची, असं मंत्रिमंडळानेच ठरवलं होतं.